६७ टक्के रहिवासी नाराज? कोणत्या रहिवाशांपैकी?

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून गूगल फॉर्म फिरतोच. पार्किंग, टँकरचं पाणी, लिफ्ट. आठवड्याभरात रंगीत गोल चार्ट येतो आणि सर्वसाधारण सभेत कुणीतरी ठणकावतं, ‘६७ टक्के रहिवासी नाराज आहेत!’

हा आकडा कसा तयार होतो ते मांडून बघा. समजा, ४०० फ्लॅट आहेत. पार्किंगने खरोखर वैतागलेली घरं १००, बाकी ३०० घरांचं बरं चाललंय. वैतागलेल्यांतल्या ६० टक्क्यांनी फॉर्म भरला, म्हणजे ६० उत्तरं. ज्यांची गाडी रोज निमूट जागेवर लागते, किंवा ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांच्यातल्या १० टक्क्यांनी भरला, म्हणजे ३०. एकूण ९०, त्यांत नाराज ६०. झाले ६७ टक्के. खरं प्रमाण २५. कुणी खोटं बोललं नाही, बेरीजही बरोबर आहे.

शितावरून भाताची परीक्षा करताना शीत आपण उचलतो. इथे शितंच ठरवतात कोणी वर यायचं.

‘अजून उत्तरं येऊ द्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तो कुचकामी आहे. अशाच दहा सोसायट्यांतून ९०० उत्तरं गोळा केली, तरी भरणाऱ्यांचं प्रमाण तेच राहिलं तर आकडा ६७च येणार. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी कल जाणून घ्यायला ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट जवळजवळ ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधले, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरांचे. त्यात पत्रिका परत कोण पाठवतं हा वेगळाच घोळ.

विंगनुसार वजन देऊन, म्हणजे कमी उत्तरं आलेल्या विंगचं प्रत्येक उत्तर जास्त धरून, दुरुस्ती करता येईल का? ‘अ’ विंगची उत्तरं कमी आली असतील तर तेवढंच सुधारतं. प्रत्येक विंगमध्ये चिडलेलेच जास्त भरत असतील, तर वजन देऊनही चिडलेलेच मोजले जातात.

त्यापेक्षा ५० घरं आपण निवडावीत. यादी फ्लॅटची हवी, ग्रुपची नको. ग्रुपवर बरेचदा मालक असतात आणि भाडेकरू सुटतात. ४०० चिठ्ठ्या टाकून ५० काढा किंवा स्प्रेडशीटमध्ये यादी पिसून वरची ५० घ्या. सरळ यादीतला ‘दर आठवा फ्लॅट’ मात्र नको. मजल्यावर आठ फ्लॅट असले की प्रत्येक वेळी एकाच कोपऱ्यातलं घर येतं, आणि नेमक्या त्याच रांगेला पाणी कमी दाबाने येत असलं की संपलं.

दार बंद असेल तर शेजारच्याला विचारून काम उरकायचं नाही. घरी असणारी आणि नसणारी माणसं वेगळी असतात. ठाण्याहून फास्ट लोकलने ऑफिस गाठणारा दुपारी कसा भेटणार? संध्याकाळी आठनंतर, मग रविवारी सकाळी, असे किमान तीन फेरे मारा. एका घराचं एकच उत्तर धरा. सगळी ५० मिळाली तर आकडा साधारण १३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. फॉर्मने मघाशी ४२ची चूक केली होती.

नोटीस बोर्डावर टक्केवारीच्या शेजारी तीन आकडे लिहा: किती घरं निवडली, किती दारं उघडली, किती जणांनी ‘नंतर या’ सांगितलं.