एनएफएल न खेळलेल्या कोचचं खेळाडू का ऐकतात?

कॅन्सस सिटीत राहतो आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या इथल्या संघाचे, चीफ्सचे, सामने बघतो म्हटल्यावर भारतातले मित्र हटकून विचारतात, "तुमच्या त्या डिफेन्सच्या कोचनं स्वतः एनएफएल खेळलेलंच नाही म्हणे. मग एवढे मोठे खेळाडू त्याचं का ऐकतात?" क्रिकेटचा कोच आला की आधी त्याच्या टेस्ट मोजायच्या, ही आपली सवय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ते कोच म्हणजे स्टीव्ह स्पॅग्न्युओलो. कॉलेजात ते रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू होते, म्हणजे डिफेन्सच्या चक्क उलट्या बाजूला! 1981 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ते ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागले. कोचिंगमधली ही सगळ्यात खालची पायरी: पगार बेताचा, हमालीच जास्त. मग लाफायेट, कनेक्टिकट, मेन, रटगर्स, बोलिंग ग्रीन ही कॉलेजं झाली. मध्येच बार्सिलोना आणि फ्रँकफर्टच्या संघांची नोकरीही केली, कारण तेव्हा युरोपातही या खेळाची लीग चालायची. एनएफएलमध्ये जम बसायला 1999 उजाडलं. फिलाडेल्फियाच्या संघाचे हेड कोच अँडी रीड यांनी त्यांना घेतलं, आणि तिथं डिफेन्स होता जिम जॉन्सन यांच्या हाती. क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर) कोण, कुठून धावून येणार याचा समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ही जॉन्सन यांची खासियत. आठ मोसम स्पॅग्न्युओलो हे जवळून बघत होते. माझ्या मते खरं शिक्षण हेच.

2007 मध्ये ते न्यूयॉर्क जायंट्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सचे मुख्य कोच, झाले आणि पहिल्या दोन सामन्यांतच संघानं 80 गुण दिले. लोक काय बोलले असतील ते सांगायला नको. त्याच मोसमाच्या शेवटी, फेब्रुवारी 2008 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोर होता 18 पैकी 18 सामने जिंकलेला न्यू इंग्लंड पेट्रियट्स. स्पॅग्न्युओलोंनी कडेचा खेळाडू जस्टिन टकला रांगेच्या मध्यावर आणलं. तिथले पेट्रियट्सचे धिप्पाड, संथ गार्ड (क्वार्टरबॅकला आडोसा देणारे) त्याच्या वेगापुढे कमी पडले. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पाच वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला, आणि जायंट्स 17-14 जिंकले.

पुढची वर्षं वाईट. सेंट लुईस रॅम्सचे हेड कोच म्हणून तीन मोसमांत 10 विजय, 38 पराभव. मग 2012 मध्ये ते न्यू ऑर्लिन्सचे कोऑर्डिनेटर असताना तिथल्या डिफेन्सनं समोरच्यांना 7,042 यार्ड पुढे सरकू दिलं, तोवर लीगमध्ये एका मोसमात कुणीच इतके यार्ड दिले नव्हते, आणि वर्षभरातच नोकरी गेली. माणूस तोच, विद्या तीच. (सगळ्या चांगल्या कोऑर्डिनेटरना हेड कोच करायलाच हवं का, हा माझा जुना वाद आहे.) 2018 मध्ये तर हाताशी संघच नव्हता.

2019 मध्ये, तोवर चीफ्सचे हेड कोच झालेल्या रीड यांनीच त्यांना चीफ्समध्ये बोलावलं. त्यानंतर त्यांच्या डिफेन्ससह चीफ्सनी तीन सुपर बोल जिंकले. 2024 च्या सुपर बोलमध्ये शेवटची दोन मिनिटं उरली असताना, थर्ड डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्या), त्यांनी कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफीला, म्हणजे एरवी रिसीव्हरवर पहारा ठेवणाऱ्याला, थेट क्वार्टरबॅकवर सोडलं. पास वाया गेला, समोरच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सना तीनच गुणांच्या फील्ड गोलवर भागवावं लागलं आणि चीफ्स जादा वेळेत 25-22 जिंकले. चाल फसती तर मॅकडफीनं सोडलेल्या जागेतूनच सामना निसटला असता. तरीही तो बेधडक धावला.