पाकिटाला भोक नाही, तरी चिवडा खवट

मागच्या महिन्यात एका फरसाणवाल्या शेठचा फोन, "अहो साहेब, महिना नाही झाला आणि चिवडा खवट मारतोय, तुमच्या पन्नीला भोकं आहेत." मी लॅमिनेशन लाइनवर (पाकिटाच्या फिल्म एकमेकींना चिकटवतात तिथे) आहे त्यामुळे असले फोन नशिबीच. गेलो. पाकिट पाण्यात बुडवून दाबलं, एक बुडबुडा नाही, सीलपण पक्कं. शेठ म्हणे मग हवा काय भुतानं आत नेली?

भूत कशाला लागतंय. तेल खवट करतो तो ऑक्सिजन, आणि त्याला प्लास्टिकमधून जायला भोक लागत नाही, तो एका बाजूने प्लास्टिकमध्ये विरघळतो आणि रेणूंच्या साखळ्यांमधून वाट काढत दुसऱ्या बाजूने निघतो. आणि गंमत म्हणजे फिल्म नीट ताणली की हीच वाट अवघड होते. बीओपीपी (दोन्ही दिशांना ताणलेली पॉलिप्रॉपिलीनची फिल्म) बनवताना जाड शीट गरम करून लांबीत साधारण 5 पट आणि मग दोन्ही कडा क्लिपांमध्ये धरून रुंदीत 8-9 पट ताणतात, त्याने साखळ्या ओळीत येतात, क्रिस्टल दाट बसतात, आणि क्रिस्टलमधून गॅस जवळपास जातच नाही, वळसा घालून जावं लागतं. पेटचंही (PET, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) तसंच.

पण नुसती बीओपीपी ऑक्सिजनला तशी कच्चीच (वाफेला मात्र मस्त अडवते), म्हणून तिच्यावर तो चकचकीत ॲल्युमिनियमचा थर. जेमतेम 30-50 नॅनोमीटरचा. 12 मायक्रॉनच्या साध्या पेटमधून दिवसाला चौरस मीटरमागे 100 सीसीच्या वर ऑक्सिजन जातो, मेटलाइज्ड केलं की एक-दोन सीसी, म्हणजे सगळी भिस्त त्या थरावर. आणि इथेच घोळ होतो, थर बसल्यावर फिल्म ताणली तर प्लास्टिक लांबतं पण धातू लांबत नाही, थोड्याशा ताणातच तडकतो. प्लास्टिक मात्र शाबूत, मग बुडबुडा येणार कुठून?

कंपनीत येऊन त्याच लॉटचा तुकडा अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरला. बारीक बारीक आडव्या रेषा, केसासारख्या. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "सुरकुत्या पडत होत्या सर, म्हणून टेन्शन (फिल्मवरचा ताण) वाढवलं." ड्रायरमधून गरम होऊन नरम पडलेली फिल्म आणि वर हा ओढतोय, बीओपीपी तर पेटपेक्षा लवकर ताणली जाते. त्याला काय बोलणार, सुरकुती डोळ्याला दिसते, तडा दिसत नाही. आणि सुरकुतीचं खरं कारण निघालं वाकडा बसलेला रोलर!

रोलर सरळ केला, टेन्शन उतरवलं, नवीन रोल घेऊन स्वतः गेलो. शेठनी वीतभर पन्नी कापली, दोन्ही हातांनी पांढरी पडेपर्यंत ताणली आणि खुश होऊन गिऱ्हाइकाला म्हणतात, "बघा, आता कशी मजबूत आलीय." मी म्हटलं शेठ, तेवढा तुकडा माझ्याकडे द्या.