लागला का?

परवा भरदुपारी साताऱ्यात पोवई नाक्यावर एका दुचाकीवाल्यानं माझ्या काचेवर टकटक केली. भर रस्त्यात कुणी काच वाजवली की माझ्या मनात पहिलं येतं ते, आपण कुणाला तरी घासलं. घाबरत काच खाली घेतली. हेल्मेटच्या आतून आवाज आला, "ताई, डाव्या बाजूचा ब्रेक लागत न्हाई तुमचा."

पोटात गोळाच आला. ब्रेक लागत नाही म्हणजे? नाक्यापर्यंत आले ती कशी मग? दिव्याबद्दल बोलतोय हे डोक्यात शिरेपर्यंत तो पुढे निघूनही गेला होता. त्याचा स्वतःचा दिवा व्यवस्थित लागत होता, तेवढं मात्र मी बघून घेतलं.

राधिका रोडच्या बाजूला एक गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर एक बाकडं आणि आत छतापासून लोंबणाऱ्या वायरी. दुकानदार मान खाली घालून कसलासा हॉर्न उघडून बसले होते. त्यांना सांगितलं, डावा दिवा गेलाय. मान वर न करता ते म्हणाले, "बल्ब हाय का एलईडी?"

मला उत्तर देता येईना. सहा वर्षं गाडी चालवतेय. मागचं डावं दार दोनदा आपटावं लागतं, थंडीत काच कुठे अडकते, पेट्रोलचा काटा किती खोटं बोलतो, सगळं पाठ. आणि हे माहीत नाही. बरं, माहीत असणार तरी कसं? आपल्या गाडीचा मागचा दिवा आपल्याला कधी दिसतच नाही. दिसलाच तर पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना भिंतीवर पडलेला लाल डाग म्हणून, नाहीतर एखाद्या शोरूमच्या काचेत ओझरता. पायाशी पॅडल आपल्या आणि उजेड दुसऱ्याच्या तोंडावर.

आणि हे माझ्याबाबतीत व्हावं! दुसऱ्यांच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवण्यात माझा हात धरणारं सातारा शहरात कुणी नसेल. आमचा एक घरगुती खेळच आहे. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागलो, पुढे ट्रकची रांग लागली, की आम्ही नवरा-बायको पुढच्या प्रत्येक गाडीकडे बघून पैज लावतो. बल्ब की एलईडी? आमचे हे आकारावरून सांगतात. डोळे वटारलेले, भुवया उंचावलेले दिवे दिसले की एलईडी. साधा चौकोनी, झोपाळू दिवा असला की बल्ब. मला ही लबाडी वाटते. दिवा कसा विझतो त्यावरून ओळखायचं, हा माझा नियम. पुढच्यानं ब्रेकवरचा पाय काढला आणि उजेड जाता जाता किंचित रेंगाळला, तर तो बल्ब. खटकन गेला तर एलईडी. बल्ब विझतो. एलईडी नुसता बंद होतो. इंडिकेटरमध्ये तर आंधळ्यालाही कळावं इतकं स्पष्ट असतं: बल्बचा इंडिकेटर श्वास घेतल्यासारखा फुलतो आणि मिटतो, एलईडीचा हुकूम दिल्यासारखा.

आता तर पाठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल पट्टी ओढायची टूम निघाली आहे. अशी गाडी पुढे आली की वरातीतल्या टेम्पोमागे अडकल्यासारखं वाटतं, नुसता बँडचा आवाज तेवढा कमी. त्यातच पट्टीतला मधलाच एखादा तुकडा मेलेला असला तर हसणाऱ्या माणसाचा पुढचा दात पडल्यागत दिसतं. आणि तो एक दात बसवून मिळत नाही, बऱ्याचदा आख्खी कवळीच बदलावी लागते. हजारांत.

पण न्यायानं बोलायचं तर एलईडीची बाजू भक्कम आहे. बल्बमधली तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ सेकंद तरी जातो. एलईडीला तापायचंच नसतं, पाय पडला की उजेड. ०.२ सेकंद म्हणजे पापणी लवायचा वेळ, त्यात काय एवढं, असं मीही म्हणायचे. भाच्यानं गणित घालून दाखवलं: ताशी १०० किलोमीटरनं येणारी मागची गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे आलेली असते. आख्खी गाडी मावून वर जागा उरेल एवढं अंतर. त्याच भाच्यानं असंही सांगितलं की रात्री एलईडीच्या दिव्यावरून नजर झर्रकन फिरवली तर कधीकधी एक रेघ न दिसता ठिपके ठिपके दिसतात, कारण उजेड मंद ठेवण्यासाठी तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतो. मी करून बघितलं. दिसतात. तेव्हापासून रात्रीच्या प्रवासात माझी मान कोंबडीसारखी हलते, आणि ह्यांना वाटतं मला डुलकी लागली.

एलईडी गाडीच्या पाठीला आधी आली आणि तोंडाला बऱ्याच उशिरा, यालाही कारण आहे. १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारी एलईडी बनवली ती लाल उजेडाची. पांढऱ्यासाठी आधी चांगली निळी लागत होती, आणि त्या निळीनं पुढची तीसेक वर्षं शास्त्रज्ञांना रडवलं. ती जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या मूळच्या जपानी तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. हेडलाइटच्या आधी मागच्या दिव्याला मान मिळाला, याचं मला उगीचच बरं वाटतं. एरवी धुतानासुद्धा गाडीची पाठ शेवटी, आणि तीही उरलेल्या पाण्यात.

आम्ही यादोगोपाळ पेठेत राहायचो तेव्हा बाबांनी सेकंडहँड फियाट घेतली होती. कुठेही निघायच्या आधी एक विधी असायचा. बाबा आत बसून ब्रेक दाबायचे आणि मी मागे उभी. "लागला का?" "लागला!" "डावा?" "लागला!" "उजवा?" "नाही!" मग बाबा खाली उतरायचे, दिव्याजवळ यायचे आणि त्याला तळहातानं एक सणसणीत थापटी द्यायचे. दिवा लागायचा. नाहीच लागला तर म्हणायचे, "अर्थ मिळत नाहीये." दिव्यालाही अर्थ लागतो, तो मिळाला नाही तर दिवा लागत नाही, हे मी किती वर्षं अगदी गंभीरपणे घेतलं होतं. अर्थिंग नावाची वायर असते हे कळलं तेव्हा खरं सांगते, थोडी निराशाच झाली. त्या गाडीचा अर्थ बिघडला की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद डोळे मिचकवायचा. बाबा ब्रेक दाबणार, आणि गाडी पेठेतल्या काकूंना डोळा मारणार.

गेलेले बल्ब माझ्याकडे जमा व्हायचे. आतून काळपट झालेली काच, खाली पितळी टोपी. कानाशी हलवला की तुटलेली तार आत किणकिण वाजायची. ब्रेकच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, बारीक उजेडाची ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची, आणि तो उलटा बसू नये म्हणून त्याच्या बाजूचे दोन खिळे मुद्दाम वर-खाली केलेले असतात, हे बाबांनी मला फळीवर बसवून शिकवलं होतं. कॉलेजात शिकलेलं काही आठवत नाही. हे आठवतं.

सात-आठ वर्षांची असेन. घरात कुणी माझं काही खरं मानायचं नाही, पण त्या दोन मिनिटांत बाबा माझ्या शब्दावर चालायचे. एकदा आम्ही वाईला निघालो होतो, ढोल्या गणपतीला. उशीर झाला होता, मला घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडायचे होते. "उजवा?" बाबांनी विचारलं. उजवा लागला नव्हता. "लागला!" मी म्हटलं आणि पळत जाऊन मागच्या सीटवर बसले.

वाढे फाट्याच्या पुढे हवालदारानं अडवलं. बाबांनी उतरून पावती केली, परत आले, गाडी सुरू केली. मला काही बोलले नाहीत. आरशातून एकदा बघितलं फक्त. वाईला मी पाण्यात पाय सोडले की नाही, आता आठवत नाही.

तर राधिका रोड. दुकानदार उठले, डिकी उघडली, आतून दोन स्क्रू काढून आख्खा दिवा तळहातावर घेतला. "दोन्ही हाय," म्हणाले. म्हणजे? "रातचं बारीक जळतंय ते एलईडी. ब्रेकला बल्ब." अंधारात दिसायला नवीन, थांबताना जुनीच! म्हणजे खंबाटकीत आजवर लावलेल्या पैजांपैकी किती हरलेल्या पैजा मी जिंकल्या असतील, देवच जाणे. हे घरी सांगितलेलं नाही.

जुना बल्ब त्यांनी फेकायला घेतला, तो मी मागून घेतला. कानाशी हलवला. वाजला. दुकानदारांनी बघितलं आणि काही विचारलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण.

"बसा आत. दाबा."

मी ब्रेक दाबला. मान वळवून उपयोग नव्हता, आरशातून ते दिसत होते, दिवा नाही. "लागला का?" मी विचारलं. जरा मोठ्यानंच. बाकड्यावर बसलेला माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"लागला की!"

४० रुपये झाले. वर म्हणाले, "एक जास्तीचा ठेवा ताई गाडीत. उसाचं शीजन सुरू झालंय, मागचं दिवं नीट पायजेत."

गेल्या हंगामातली गोष्ट आहे. रहिमतपूर रोडनं रात्री साडेनऊच्या सुमारास परत येत होतो, मी चालवत होते. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांवर होता. तो गेला आणि समोर एकदम भिंत उभी राहिली. ब्रेकवर मी जवळजवळ उभीच राहिले. थांबलो तेव्हा उसाची वाढी बॉनेटला टेकली होती. मागे आणखी एक टायर किंचाळला आणि ती गाडीही थांबली, आमच्यापासून किती अंतरावर ते मी उतरून बघितलं नाही. ह्यांनी बघितलं. किती ते मी विचारलेलं नाही.

ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही. ट्रॅक्टरवाला पोरगा गाणी बंद करून खाली आला. विशीचा असेल. हे त्याच्यावर ओरडले, मागे काहीतरी लाल लावायचं कळत नाही का म्हणून.

"लावलंय की साहेब," तो म्हणाला. "लाल लुगडं बांधलंय मागं."

होतं. मोबाइलचा उजेड पाडल्यावर दिसलं.