चड्डी गेली, लग्नही गेलं

२०११ साली डीसी या कॉमिक कंपनीने आपल्या सुपरहिरोंचं सगळं जग नव्याने सुरू केलं, त्यात सुपरमॅनची लाल चड्डी गेली. याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. ‘पँटवरून चड्डी घालणारा तुझा हिरो’ ही टिंगल इतकी वर्षं ऐकून घेतली होती, ती एकदाची थांबेल एवढंच वाटलं. (थांबली नाही. नव्या पोशाखाची उंच कॉलर आणि चिलखती शिवणी बघून लोकांना नवा विषय मिळाला.) जीव तुटला तो त्याच्या लग्नासाठी. १९९६ साली थाटात लागलेलं क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) आणि लोइसचं लग्न २०११च्या सप्टेंबरात मोडलं असतं, तरी एक वेळ चाललं असतं. भांडणं, अबोला, मित्रांची मध्यस्थी, असे चार अंक तरी वाचायला मिळाले असते. पण ते मोडलं नाही. ते कधी लागलंच नव्हतं, असं ठरलं. नव्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकात क्लार्क लोइसच्या घरी जातो, तर तिथे तिचा कुणी भलताच मित्र. क्लार्क बिचारा समजूतदारपणे घेतो. इकडे मी पानावर डोळे लावून मनातल्या मनात ओरडतोय, अरे, बायको आहे ती तुझी!

हा अंक लिहिला होता जॉर्ज पेरेझने. १९८५ साली डीसीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ हा बारा अंकी प्रलय घडवला, त्याची चित्रंही याच पेरेझची. तेव्हा ढीगभर समांतर पृथ्व्या एकीत कोंबल्या गेल्या, सुपरगर्ल मेली, फ्लॅश म्हणजे बॅरी अ‍ॅलन मेला, आणि मग जॉन बर्नने सुपरमॅन पहिल्यापासून नव्याने लिहिला. मी ज्याला ‘खरा सुपरमॅन’ म्हणतो, तो हा. म्हणजे माझा खरा सुपरमॅनसुद्धा दुसऱ्या कुणाचा तरी खरा सुपरमॅन पुसून आलेला. माझ्याआधीच्या वाचकांनी तेव्हा किती बोटं मोडली असतील! पण हा न्याय डोक्याला पटतो, पोटात उतरत नाही.

तर २०११. मेलेला बॅरी अ‍ॅलन एव्हाना परत आला होता. (कॉमिकमध्ये मरण म्हणजे लांबलेली रजा.) ‘फ्लॅशपॉइंट’मध्ये तो आपल्या आईचा खून टाळायला भूतकाळात धावतो आणि सगळं जगच बिघडवून ठेवतो. त्या बिघडलेल्या जगात लहानगा ब्रूस वेन (म्हणजे एरवीचा बॅटमॅन) गोळी लागून मेलेला असतो आणि बॅटमॅन असतो त्याचा बाप, थॉमस वेन. बॅरी जग सुधारायला पुन्हा धावतो, पण परततो ते आधीच्या जगात नाही, तिसऱ्याच. ३१ ऑगस्ट २०११ला त्या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा अंक आला आणि त्याच दिवशी ‘जस्टिस लीग’चा नवा पहिला अंक. पुढच्या महिन्याभरात एकूण बावन्न मालिका, सगळ्या एक नंबरपासून. म्हणून नाव ‘न्यू ५२’. १९३८पासून चालत आलेलं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ९०४वर थांबवून पुन्हा एकवर आणलं.

धंद्याच्या दृष्टीने यात चूक काय होती? काहीच नाही. नवीन माणसाने नऊशे चौथ्या अंकापासून वाचायला बसावं, ही अपेक्षाच क्रूर आहे. विक्री वाढली, अंक पुन्हा पुन्हा छापावे लागले.

माझं भांडण वेगळं आहे. पाटी कोरी करायची तर पुरती करा. इथे सुपरमॅनचं बालपण नवं, वंडर वुमनचा बाप नवा, पण बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांच्या गोष्टी बऱ्या खपत होत्या, म्हणून त्या बऱ्याचशा जशाच्या तशा. घर पाडून बांधायला काढावं आणि माडी तेवढी हवेत तशीच ठेवावी, त्यातला प्रकार. त्यात भर म्हणून असं ठरलं, की या जगात सुपरहिरो उगवून जेमतेम पाच वर्षं झालीत.

आता करा हिशेब. पाच वर्षांत बॅटमॅनचे रॉबिन, म्हणजे पोरवयाचे साथीदार, चार. डिक ग्रेसन पोरवयात आला, शिकला, मोठा होऊन नाइटविंग झाला. मग जेसन टॉड आला. त्याला जोकरने मारलं. १९८८ साली वाचकांनी फोनवर मतं देऊन त्याचा निकाल लावला होता, मारा म्हणणारे ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. तो मेला, पुरला गेला, जिवंत झाला, बिथरला, रेड हूड झाला. मग टिम ड्रेक. मग डेमियन, ब्रूसचा सख्खा मुलगा, वय वर्षं दहा. दहा! बॅटमॅनने या पाच वर्षांत झोप कधी काढली हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याने चार पोरांना साधं दोरीवर लोंबकळायला तरी कधी शिकवलं? मग ठिगळं आली. बॅटमॅन म्हणे त्याआधीही काही वर्षं गुपचूप काम करत होता. टिम ड्रेक म्हणे रॉबिन कधी नव्हताच, पहिल्यापासून ‘रेड रॉबिन’च होता. ज्याचे रॉबिन म्हणून शेकडो अंक आपण वाचले, त्याच्याबद्दल हे शांतपणे सांगायचं, याला धाडस लागतं.

बार्बरा गॉर्डनचं, म्हणजे आधीच्या बॅटगर्लचं, मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. १९८८ साली जोकरच्या गोळीने तिचे पाय गेले. त्यानंतर तिने व्हीलचेअरवर बसून ‘ओरॅकल’ या नावाने काम सुरू केलं. डोकं, संगणक आणि जिद्द यांच्या बळावर ती अशी काही उभी राहिली, की बॅटमॅनसुद्धा माहिती तिच्याकडे मागायचा. अपंग वाचकांना त्या सगळ्या केपवाल्यांच्या गर्दीत एक आपलं माणूस मिळालं होतं. नव्या जगात तिचं अपंगत्व तीन वर्षांचं झालं, ती बरी होऊन पुन्हा बॅटगर्ल म्हणून उड्या मारू लागली. गेल सिमोनने ती मालिका मनापासून लिहिली, वाचलीही मी ती आवडीने. पण बॅटगर्ल व्हायला इतर मुली होत्या, ओरॅकल एकच होती.

‘जुने अंक कुठे गेलेत? कपाटात आहेत ना?’ असं समजावणारे भेटतात. आहेत. एकही पान हललेलं नाही. पण ज्या माणसाबरोबर आपण इतकं काही पाहिलं, त्यालाच त्यातलं काही आठवत नाही आणि आपल्याला सगळं आठवतंय, ही जागा मोठी अवघड. वॉली वेस्ट, लिंडाचा नवरा, बॅरी मेल्यावर वीस-बावीस वर्षं ज्याने फ्लॅशचं नाव चालवलं, तो नव्या जगात नव्हताच. बॅरीलाही त्याची आठवण नाही. वॉली होता याचा पुरावा फक्त वाचक. फ्लॅशपॉइंटच्या शेवटी मात्र एक चिठ्ठी त्या उलथापालथीतून वाचते. थॉमस वेनने आपल्या मुलासाठी लिहिलेली, बॅरीच्या हाती दिलेली. बॅरी ती ब्रूसला देतो आणि बॅटमॅन रडतो. बाकी सगळं पुसणाऱ्यांनी एवढा कागद मात्र सांभाळून ठेवला, यासाठी मी त्यांना अर्धं माफ केलं.

उरलेल्या अर्ध्यातलं बरंचसं स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांनी मिळवलं. त्यांच्या ‘बॅटमॅन’च्या पाचव्या अंकात तो चक्रव्यूहात अडकून भ्रमिष्ट होत जातो आणि पानं आडवी होतात, मग उलटी. वाचायचं तर अंक हातात गोल फिरवावा लागतो. मी फिरवत होतो आणि रागावल्याचं विसरून गेलो होतो. जुनं जग शाबूत असतं तर ही गोष्ट झाली नसती का? झाली असती, बहुतेक. पण झाली ती इथे.

पुढे २०१६ साली ‘रीबर्थ’ आलं. ८० पानांच्या त्या अंकात वॉली काळाच्या फटीतून एकेकाला हाका मारतो. बॅटमॅन ओळखत नाही, लिंडा ओळखत नाही. हरून तो बॅरीचा निरोप घ्यायला येतो, विरायला लागतो, आणि बॅरी त्याचं नाव उच्चारून त्याला आत ओढून घेतो. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पुढचा अंक निघाला ९५७वा: जुने ९०४, नवे ५२, आणि हा पुढचा. चोख हिशेब. २०१८ला हजारावा अंक आला तोवर चड्डीही परत आली होती.

आता २०२४पासून ‘अ‍ॅब्सोल्यूट’ नावाचं वेगळं विश्व सुरू आहे. तिथला ब्रूस गडगंज नाही आणि त्याची आई जिवंत आहे. हे ऐकून पूर्वी माझा भडका उडाला असता. पण या वेळी मूळच्या जगाला कुणी हात लावलेला नाही, तिथला बॅटमॅन आपल्या पोरांसकट सुखरूप आहे. त्यामुळे या दुसऱ्या ब्रूसचे अंक मी अगदी निवांत वाचतोय. त्याला काही आठवत नाही, पण त्याने माझ्याबरोबर अजून काही पाहिलेलंही नाही.