फणसाखाली अबोलीच लावा

मे महिना आला की कुणी ना कुणी विचारतंच, "फणसाखाली काय लावू गो, तिथे ऊनच येत नाही." माझं उत्तर ठरलेलं, अबोली. ऐकून लोक जरा हिरमुसतात, त्यांना नर्सरीतलं भारी नावाचं काहीतरी हवं असतं. मग क्रोटन आणतात, ते सावलीत हळूहळू रंग सोडून हिरवंगार होतं, झालं, पैसे पाण्यात.

अबोली बारमाही हिरवी, गुडघ्यापासून फार तर कमरेपर्यंत वाढते, पानं चकचकीत त्यामुळे फुलं नसली तरी कोपरा भरलेला दिसतो. अडुळसा, कोरांटी यांच्याच कुळातली ती. पण सावली म्हणजे काळोख नव्हे हां! सकाळचं कोवळं ऊन नाहीतर माडाच्या चुडतांतून सरकणारे कवडसे, एवढं तिला लागतंच, अगदी अंधारात लावली तर पानं येतील पण तुरे मोजकेच.

खरी भीती पावसाची. आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यात बुंध्याशी पाणी तुंबलं की मुळं कुजलीच म्हणून समजा. म्हणून चिरे लावून वाफा वीतभर उंच करा, मातीत शेणखत घाला. पाऊस नसतानाही पानं पिवळी पडायला लागली तर एक रोप उपटून बघा, मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचं काम. निंबोळी पेंड घाला, बाजूला झेंडू लावा, आणि त्या जागी लगेच परत अबोली नको.

तुरा चौकोनी असतो, फुलं खालून वर थोडी थोडी उमलत जातात म्हणून एकच तुरा कितीतरी दिवस चालतो. वास नाही, पण गजऱ्यात तिच्याइतकं टिकणारं फूल दुसरं दाखवा! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गजरे घेता ना, चतुर्थीच्या तोंडावर भाव विचारायची सोय नसते.

आता मजेची गोष्ट. तुरा सुकून बोंडं तपकिरी झाली की एक तळहातावर घ्या आणि वर पाण्याचा थेंब टाका, थोड्या वेळात टचकन फुटतं आणि बी लांब उडतं. आमच्या घरची पोरं यात अख्खी दुपार घालवतात. पहिला पाऊस पडला की हेच आपोआप होतं आणि मूळ झाडाभोवती रोपंच रोपं, दोन-चार पानांची झाली की उचलून हवी तिथे लावा. दिल्ली अबोली म्हणून गडद केशरी मिळते ना, तिला मात्र बी धरत नाही, तिच्या फांद्याच लावायच्या.

सुकलेले तुरे खुडत राहा, बियांसाठी हवे तेवढेच ठेवा, म्हणजे नवीन फुटवे येतात. शेजारणीला रोप हवं असेल तर जूनमध्ये द्या, एप्रिलच्या उकाड्यात हलवलेलं नीट रुजत नाही.