सेलममध्ये चिता पेटलीच नव्हती

सकाळीच पान १४२ वर अडले. हस्तलिखित न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी लेखिकेचं. अमेरिकन कॉलेजातली सोरॉरिटी, म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाचं मुलींचं मंडळ, आणि त्या घरात राहणाऱ्या सगळ्या चेटकिणी. नायिकेच्या पूर्वजेला अमेरिकेतल्या सेलम गावी, १६९२ च्या चेटूक-खटल्यांत, जिवंत जाळलेलं, म्हणून हिला आगीची धास्ती. सगळं कथानक त्या धास्तीवर उभं.

पंचाईत अशी, की १६९२ मध्ये सेलमला कुणालाच जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिलं. जाइल्स कोरी हा म्हातारा शेतकरी कोर्टात कबूल-नाकबूल काहीच बोलेना, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडलं. वसाहत इंग्रजांची, आणि इंग्रजी कायद्यात चेटकाला फास होता; चिता पेटायच्या त्या स्कॉटलंडात, जर्मन मुलखात. लेखिकेला कळवलं: आग हवी असेल तर पूर्वज स्कॉटिश करा. नाहीतर भीती गळ्याची ठेवा. स्कार्फ, माळ, कॉलरचं वरचं बटण, काहीच तिला सोसत नाही.

दुसरी गाठ दुपारी. सोरॉरिटीत नव्या मुली घेण्यासाठी होणाऱ्या निवडीच्या शेवटच्या फेरीत, प्रेफरन्सला, नायिका त्या घराच्या अध्यक्षीणबाईंवर मंत्र टाकते आणि प्रवेश मिळवते. मंत्राबद्दल तक्रार नाही, पण तो चुकीच्या माणसावर पडला. त्या फेरीनंतर मुलगी घरांचा, म्हणजे सोरॉरिटींचा, पसंतीक्रम लिहून सही करते, घरं आपापली यादी देतात आणि जुळणी संगणकावर होते. अध्यक्षीण एकटी काय करणार? मंत्र यादीवर हवा, तोही ती पाठवण्याआधी. शिवाय ती सही बंधनकारक असते. पसंतीत लिहिलेल्या घराचं बोलावणं नाकारलं, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या निवडीपर्यंत तशा दुसऱ्या घराचं दार बंद. एवढं आयतं कलम हाताशी असताना खलनायिका विषारी कॉफी कशाला उकळत बसलीये, कळेना.

निवडीच्या दिवसांत मुलींना घरोघर फिरवणारी मार्गदर्शक ताई स्वतःच्या घराची अक्षरं छापलेला टीशर्ट घालून येते. बऱ्याच कॉलेजांत त्या दिवसांत तिने आपलं घर उघड करायचं नसतं. टीशर्ट कोरा केला.

'डाकीण' मात्र सगळीकडे शोधून 'चेटकीण' केलं. सातपुड्यात त्या शब्दापायी बायकांनी मार खाल्लाय; पार्टीतल्या थट्टेला तो नको.

रात्री उत्तर आलं : 'गळा. १४२ पुन्हा लिहिते.' हुश्श म्हणून पहिल्या पानापासून चाळायला घेतलं, तर पान ९ वर नायिका गळाबंद स्वेटर घालून हजर.