आईचा गुडघा पुण्यात, घर चिपळूणला

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन होऊन आता चार महिने होतील. या चार महिन्यांत ओळखीतल्या सात-आठ जणांनी तरी फोन करून विचारलं असेल, डॉक्टर कोण, खर्च किती, मशीनने केलं की हाताने. पण राहिलात कुठे, रात्री तिच्याजवळ कोण झोपायचं, एवढ्या लांबून परत कसं आणलंत, हे एकानेही विचारलं नाही, आणि आमचा सगळा जीव तर त्यातच गेला होता. ऑपरेशन दीड-दोन तासांचं, ते डॉक्टर करतात. पुढचे पंधरा-वीस दिवस आपले असतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमची आत्या पुण्यात सदाशिव पेठेत राहते. साहजिकच सगळ्यांनी धरलं होतं की आत्याकडेच राहायचं. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, जुना वाडा पाडून बांधलेली बिल्डिंग, लिफ्ट नाही. नवीन गुडघ्याला जिने चढता येत नाहीत असं नाही, फिजिओ डिस्चार्जच्या आधी चार-पाच पायऱ्या करून घेतातच, पण रोज चढ-उतार आणि ड्रेसिंगला जायचं म्हणजे परत तेच, शिवाय बाथरूम एवढंसं की वॉकर आत वळत नाही. मी स्वतः टेप घेऊन मोजून आले, दार बावीस इंच आणि वॉकर चोवीस. आत्याला नाही म्हणणं फार जड गेलं, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, मग म्हणाली बरं, डबा मात्र माझ्याकडूनच येईल. आणि खरंच पंधरा दिवस दोन्ही वेळ डबा आला, तिच्या गुडघ्यांचीही बोंब असताना.

मग हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर तळमजल्यावरची एक खोली शोधली, दिवसाला बाराशे रुपये. अशा खोल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास पेशंटच्या माणसांना देतात, तिथल्या मेडिकलवाल्याला किंवा वॉर्डातल्या मावशींना विचारलं की कळतं. मी फक्त तीन गोष्टी बघितल्या. कमोड आहे का, पलंग उंच आहे का, दारात उंबरा केवढा. बाकी टीव्ही, एसी काही नाही बघितलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र आमचं चुकलं. तारीख नोव्हेंबरच्या शेवटची मिळाली होती, आम्ही आदल्या दिवशी सामान, वॉकर, गोधडी सगळं घेऊन पोचलो आणि तपासणीत आईला लघवीचं इन्फेक्शन निघालं. तिला त्रास काहीच नव्हता, पण शरीरात कुठेही इन्फेक्शन असेल तर ते रक्तातून नवीन सांध्यावर जाऊन बसू शकतं आणि तसं झालं तर सांधा परत उघडावा लागतो, म्हणून डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. हे चिपळूणलाच आधी तपासून कळलं असतं. लघवी, साखर, ईसीजी, टू डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दात हे सगळं आधी पंधरा दिवस गावातच करून रिपोर्ट पाठवून द्या, निम्मं तिथेच निस्तरतं. आम्ही खोलीचे चार दिवसांचे पैसे देऊन रिकाम्या हाताने परत आलो, वहिनीची डोंबिवलीच्या ऑफिसातली रजा फुकट गेली, आणि आई परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, एवढंच म्हणत. ऑपरेशन झालं ते डिसेंबरच्या मध्यावर.

पैशांचं थोडक्यात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली, कोबाल्ट क्रोमचा नेहमीचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला होता, त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. पण मर्यादा सांध्याला आहे, बाकीच्या पॅकेजला नाही. म्हणून एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात फिजिओ, वॉकर, रक्ताची बाटली, घरी न्यायची औषधं धरलीत का ते एकेक विचारा, आम्हाला यातलं निम्मं शेवटच्या दिवशी कळलं. पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा असेल तर त्याच वर्गाची रूम घ्या, नाहीतर बाकीच्या बिलातल्या काही खर्चांतही त्याच प्रमाणात कापतात. आणि सांधे बदलण्याला बऱ्याच पॉलिसीत वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ त्याचे पैसे मिळत नाहीत, तो संपलाय का ते तारीख घ्यायच्या आधी बघा.

कोण कधी राहणार ते आम्ही कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलं होतं. पहिले आठ दिवस मी, पुढचे आठ वहिनी, शनिवार-रविवार दादा. हे आधी लिहिलं नसतं तर सगळं एकीवरच पडलं असतं, आणि ती कोण ते प्रत्येक घरात ठरलेलंच असतं. रात्रीची झोप मिळत नाही हो. गोळ्यांच्या वेळा, बाथरूमला उठवणं, बर्फाची पिशवी, परत गोळी. आठव्या दिवशी वहिनी आली तेव्हा मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

यातली एक रात्र विसरत नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की फार आराम वाटतो, पण ती घ्यायचीच नाही, कारण तसंच वाकलेलं राहिलं तर पाय पुढे पूर्ण सरळ होत नाही. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी. चौथ्या रात्री दोन वाजता आई म्हणाली, "थोडाच वेळ ठेव गो बाय, कोणाला सांगू नको." इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी उशी नाही दिली. बर्फ बदलला, पाय हातात धरून बसले, आणि दोघी गप्प. फिजिओ सकाळी आला, पाय गादीला टेकतोय बघून म्हणाला, छान आजी. तेव्हा कुठे आई माझ्याकडे बघून हसली.

परत कधी न्यायचं यावर घरात वाद झाला. दादा म्हणत होता पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला की थेट चिपळूण, खोलीचं भाडं वाचेल. मी अडून बसले. चौदाव्या दिवशी टाक्यांच्या पिना काढायच्या होत्या, आणि या ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, तासन् तास पाय लटकवून बसलं की ती वाढते. शेवटी पिना काढून, डॉक्टरांना विचारून सोळाव्या दिवशी निघालो, रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच होती.

गाडी एर्टिगा केली, कारण सीट उंच. पुढची सीट पूर्ण मागे, आणि सीटवर एक प्लास्टिकची पिशवी पसरायची, फिजिओने सांगितलं होतं. आधी बूड टेकायचं, मग त्या पिशवीवरून सरकत दोन्ही पाय एकदम आत. एवढ्याशा पिशवीने केवढं काम केलं! बसल्यानंतर ती काढून टाकायची. डिकीत घडीची कमोड खुर्ची आणि दोन जुन्या साड्या आडोशाला, कारण वाटेत कमोड मिळेलच असं नाही. दर पाऊण तासाने थांबलो, खेड शिवापूर, सुरूर, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, प्रत्येक ठिकाणी वॉकरवर वीस पावलं आणि गाडी चालू असताना बसल्या जागी पावलं वर-खाली, वर-खाली. कुंभार्ली घाटात ड्रायव्हरदादांनी गाडी अशी उतरवली की आईला वळण जाणवलं नाही. एरवी साडेपाच-सहा तासांचा रस्ता, आम्हाला आठ लागले.

घरी वडिलांनी पलंग पडवीत आणून चारी पायांखाली विटा लावल्या होत्या, पायपुसणी सगळी उचललेली, मागच्या बाथरूमला प्लंबरकडून स्टीलचा दांडा बसवलेला. गावातला फिजिओ आम्ही निघायच्या आधीच ठरवला होता, पुण्याच्या फिजिओने व्हॉट्सॲपवर त्याला व्यायाम पाठवले. विसाव्या दिवशी पोटरी सुजली तेव्हा सगळे घाबरलो, त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, गुठळी नव्हती. पोटरी दुखली, सुजली, दम लागला, जखमेतून पाणी आलं तर उद्यावर ढकलू नका, एवढं कळकळीने सांगते. फाइलमध्ये बसवलेल्या सांध्याची माहिती असलेले स्टिकर, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड एकत्र ठेवा, आम्हाला त्या दिवशी ते लगेच दाखवता आलं.

शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा आईने काठी घेऊन अंगणात जाऊन ओटी भरली. डावा गुडघाही करायचाय, पण भातं कापून झाल्यावर, पावसात घाट नको. खोलीवाल्या काकूंना सांगून ठेवलंय. कमोड खुर्ची सध्या खालच्या वाडीतल्या एका काकींकडे आहे, पुढच्या महिन्यात त्यांचं कोल्हापूरला ऑपरेशन आहे, वॉकरही त्याच नेतील.